ओटी पिवळी, व्हायल कोरी, तरी गावात कावीळ: पाण्यातल्या विषाणूंसाठी क्लोरीन किती आणि किती वेळ?

ओढाकाठ_लातूर

नमस्कार मंडळी. नळयोजना अशी आहे: ओढ्याकाठची उघडी विहीर, व्यास ६ मीटर. तिथून पंपाने ५०,००० लिटरच्या उंच टाकीत पाणी येतं, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं आणि तीन भागांना आळीपाळीने पाणी सुटतं. गाळणी नाही. टीसीएल १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे टाकीला २५० ग्रॅम. पावडर टाकीच्या झाकणातून वरून टाकतात. विजेचा भरवसा नसल्यामुळे टाकी भरत असतानाच पहिल्या भागाचा व्हॉल्व्ह उघडतात.

ओटी टेस्टला (ऑर्थोटॉलिडीन टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) पिवळा रंग येतो. एच२एस व्हायल (पाणी दूषित असेल तर काळी पडणारी चाचणीची बाटली) काळी पडत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) शून्य, सामू (पीएच) ८.२. तरी पोळ्यानंतर काविळीचे रुग्ण निघताहेत, तेही एका भागात नाही, तिन्ही भागांत. विहिरीपासून वरच्या अंगाला गावाची नाली ओढ्याला मिळते आणि तिथे डबकं साचलेलं असतं.

सगळ्या चाचण्या चांगल्या असताना विषाणू पाण्यातून येऊ शकतो का? येत असेल तर टीसीएल किती आणि कसं टाकायचं? आणि त्या डबक्याचा विहिरीशी संबंध असू शकतो का?

रसायन_नांदेड

येऊ शकतो. तुम्ही लिहिलेल्या व्यवस्थेत तर सहज येऊ शकतो.

व्हायल आणि ई. कोलाय या दोन्ही जिवाणूंच्या चाचण्या. ई. कोलाय क्लोरीनपुढे फार लवकर शरण जातो. हिपॅटायटिस ए आणि ई, रोटा, नोरो, कॉक्सॅकी हे आतड्यातले विषाणू वेगळे. त्यांना करोनासारखं चरबीचं आवरण नसतं, प्रथिनांचं घट्ट कवच असतं, म्हणून पोटातल्या आम्लातूनही ते पार होतात. पाण्यात ते वाढत नाहीत, कारण वाढायला जिवंत पेशी लागते. एकदा पाण्यात पडले की हळूहळू निकामी होत जातात, इतकंच. उन्हात, उघड्या गरम पाण्यात हे लवकर घडतं. विहिरीच्या अंधारात, गाळाला चिकटलेले असतील तर आठवडे, कधी महिनेही टिकतात. तोवर सोबत आलेला ई. कोलाय कधीच मेलेला असतो.

याचं आपल्याच देशातलं उदाहरण दिल्लीचं आहे. १९५५-५६ मध्ये यमुनेतलं सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात शिरलं. तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली होती. विषमज्वर, आमांश वाढले नाहीत, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. तो हिपॅटायटिस ई होता, हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. जिवाणू मरतील इतकं क्लोरीन होतं, विषाणू निकामी होईल इतकं नव्हतं.

आता मात्रा. विषाणूसाठी नुसता आकडा पुरत नाही, मात्रा आणि वेळ यांचा गुणाकार बघावा लागतो: मुक्त क्लोरीन (कशाशी न बांधलेलं, मोकळं) मिलिग्रॅम प्रति लिटर, गुणिले मिनिटं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तक्त्यात ९९.९९ टक्के विषाणू निकामी करायला २० अंश तापमानाला, ६ ते ९ सामूत, हा गुणाकार ३ दिला आहे. १० अंशाला ६. म्हणजे थंडीत दुप्पट लागतो. आकडे लहान दिसतात, पण ते गाळलेल्या, नितळ पाण्याचे आहेत. विषाणू मातीच्या कणात किंवा विष्ठेच्या तुकड्यात दडलेला असेल तर क्लोरीन आधी त्या कणावरच खर्च होतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३० मिनिटांनंतर किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं आणि सामू ८ च्या खाली असावा. हा गुणाकार होतो १५. आपलं भारतीय मानक आयएस १०५०० एरवी ०.२ चालवून घेतं, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे तेही किमान ०.५ मागतं. ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

सामू ८.२ आहे हेही लक्षात घ्या. क्लोरीनचं जोरकस रूप हायपोक्लोरस आम्ल. ७ सामूला ते साधारण पाऊण भाग असतं, ८ ला पाव, ८.२ ला पावाच्याही खाली. सामू कमी करण्याच्या भानगडीत गावपातळीवर पडू नका, त्याऐवजी वेळ वाढवा. ३० च्या जागी ६० मिनिटं धरा.

टीसीएलचा हिशेब करू. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १००० लिटरला ५ ग्रॅम टाकलं तर १.६५ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रा झाली. पोतं उघडं, उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत पडलेलं असेल तर ते २० टक्क्यांवर किंवा खाली येतं. तेव्हा तेच ५ ग्रॅम फक्त १ मिलिग्रॅम देतात. पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीचं पाणी तेवढं सहज खाऊन टाकतं. समजा पावडर २५ टक्क्यांची आहे आणि मात्रा २ मिलिग्रॅमची हवी: ५०,००० लिटरला १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन, म्हणजे ४०० ग्रॅम पावडर. तुमचे २५० ग्रॅम तिथेच कमी पडतात.

पावडरीची ताकद आणि पाण्याची भूक दोन्ही एकदम कळायला आरोग्य केंद्रातली हॉरॉक्स पेटी (टीसीएलची मात्रा ठरवायचा कपांचा संच) वापरा. काळ्या कपात २ ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर, थोड्या पाण्यात लगदा करून खुणेपर्यंत पाणी, ढवळून निवळू द्या. सहा पांढरे कप विहिरीच्या पाण्याने भरा. निवळीचे थेंब पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा. ढवळून अर्धा तास थांबा, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. पहिला जो कप निळा होईल त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, ही ४५५ लिटरची मात्रा. तिसरा निळा झाला तर ६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला सुमारे ६६० ग्रॅम. ही मात्रा ०.७ मिलिग्रॅम शिल्लक ठेवण्याच्या बेताची असते.

पावडर झाकणातून टाकणं आजच बंद करा. पावडरीतला चुना तळाशी बसतो, त्यात अडकलेलं क्लोरीन तिथेच राहतं आणि तळाच्या आउटलेटमधून कधी जळजळीत, कधी कोरं पाणी जातं. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी नको) लगदा, मग बादलीभर पाणी, १५ मिनिटं निवळू द्यायचं, आणि फक्त वरची निवळी टाकी पाव भरल्यावर इनलेटच्या धारेखाली सोडायची. खळखळाटात ती आपोआप मिसळते. तळाचा चुना फेकून द्या.

आणि सगळ्यात मोठी गळती ही: टाकी भरतानाच व्हॉल्व्ह उघडणं. पहिल्या भागाला मिळणाऱ्या पाण्याला क्लोरीनसोबत पाच मिनिटंही मिळत नाहीत. आकारमानावरून टाकीत पाणी तीन तास राहतं असं कागदावर दिसलं, तरी आत आडभिंती नसतील तर काही पाणी इनलेटकडून थेट आउटलेटकडे पळतं. अशा टाकीत हिशेबाचा वेळ कागदी वेळेच्या दहाव्या भागापासून ते तिसऱ्या भागाच्या आतबाहेर इतकाच धरतात. भरा, पंप बंद करा, तासभर थांबा, मग सोडा. वीज रात्री येत असेल तर रात्री भरून सकाळी सोडणं सगळ्यात चांगलं.

काळा_खडक

डबक्याबद्दल लिहितो. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. वाळूच्या थरातून पाणी मुरताना विषाणू कणांना चिकटत जातो, बेसॉल्टच्या भेगांतून मात्र पाणी न गाळता वाहतं. त्यामुळे शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा विहिरीपासून अमुक मीटर दूर असला की झालं, हा मऊ मातीचा नियम भेगाळ खडकाला लागू होत नाही. अंतरापेक्षा उतार, भेगांची दिशा आणि मुरमाचा थर किती जाड आहे, हे आधी बघा.

वरची काळी माती विषाणूला चांगली धरते. चिकणमातीचे कण आणि कठीण पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम यांनी तो घट्ट बसतो. पण याच मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात आणि मृगाचं पाणी मातीतून न मुरता भेगांतून सरळ खाली जातं. दुसरं म्हणजे पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. असं पाणी आलं की चिकटलेले विषाणू मातीपासून सुटतात. आधी महिनाभर नालीचं पाणी जिरलेलं असेल, तर जोराचा पाऊस ते सगळं एकदम खाली ढकलू शकतो.

काविळीत काळाचा हिशेब उलटा लावा. हिपॅटायटिस ई दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो, बहुधा पाच-सहा आठवड्यांनी. पोळ्यानंतरच्या रुग्णांनी ते पाणी आषाढ-श्रावणात प्यायलं. आज घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून विहीर सुटत नाही. तेव्हा पाऊस कधी झाला, पाइप कुठे फुटला, टीसीएल कधी संपलं होतं, त्या तारखा काढा. आणि गावातल्या गरोदर बायांकडे आधी लक्ष द्या. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. त्यांच्यासाठी उकळलेलं पाणी आजपासूनच, तपासणीच्या निकालाची वाट न बघता.

ओढाकाठ_लातूर

दोघांचेही आभार. एक शंका. तालुक्याहून डीपीडीच्या गोळ्यांचा (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या) संच मिळाला. टाकीच्या त्याच पाण्याला ओटीत चांगला पिवळा रंग येतो, पण डीपीडीच्या १ नंबरच्या गोळीला गुलाबी जवळजवळ येत नाही. ३ नंबरची टाकली की लगेच गुलाबी होतं. संच खराब आहे का?

रसायन_नांदेड

संच ठीक आहे, आणि ही फार मोलाची माहिती आहे. १ नंबरची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते. ३ नंबरची त्यात बांधलेलं क्लोरीनही मिळवते. तुमच्या टाकीत जे आहे ते जवळपास सगळं क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी बांधलेलं क्लोरीन आहे. विहिरीच्या पाण्यात अमोनिया असल्याशिवाय असं होत नाही, आणि विहिरीत अमोनिया बहुधा ताज्या सांडपाण्यातूनच येतो. डबक्याचं उत्तर इथेच बरंचसं मिळालं.

ओटी दोन्हींना पिवळी होते. मुक्त क्लोरीन पहिल्या दहा सेकंदांत रंग देतं, क्लोरामाइन मागाहून हळूहळू. गावोगाव नळी भरून, गप्पा मारून, पाच मिनिटांनी रंग बघितला जातो. तो रंग एकूण क्लोरीनचा असतो. शिवाय ऑर्थोटॉलिडीन हे रसायन आरोग्याला घातक मानलं जातं, तेव्हा डीपीडी मिळालीय तर तीच धरा. फक्त एक जपा: क्लोरीन खूप जास्त असेल तर डीपीडीचा रंग उमटून लगेच उडतो आणि पाणी कोरं दिसतं. शंका आली तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा.

क्लोरामाइन विषाणूवर किती दुबळं? २० अंशाला ९९.९९ टक्क्यांसाठी मुक्त क्लोरीनला गुणाकार ३ लागतो, क्लोरामाइनला ७४६. म्हणजे १ मिलिग्रॅम क्लोरामाइनला बारा तासांपेक्षा जास्त. हॉरॉक्सचं स्टार्च-आयोडाइडही या दोघांत फरक करत नाही, त्यामुळे अमोनियाच्या पाण्यात त्या मात्रेवरही विसंबता येत नाही.

१ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला प्रत्यक्षात ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. त्यापुढे टाकलेलं तेवढं मुक्त राहतं. विहिरीत अमोनिया ०.५ असेल (मानकाची मर्यादा तेवढीच आहे) तर आधी ५ मिलिग्रॅम त्यातच जाईल: ५०,००० लिटरला २५० ग्रॅम क्लोरीन, २५ टक्क्यांच्या पावडरीचा १ किलो. शिल्लक ठेवायचं ते वेगळं. इथे एक चूक सगळीकडे होते. मात्रा अमोनिया संपण्याच्या या टप्प्याच्या अलीकडे असताना औषधाचा उग्र वास येतो, लोक तक्रार करतात आणि मात्रा आणखी कमी केली जाते. खरं तर टप्पा ओलांडला की वास कमी होतो. पण रोज एक किलोवर गाव चालवणं हा उपाय नव्हे. अमोनिया मोजून घ्या, आणि ०.५ च्या वर असेल तर ती विहीर काही दिवस पिण्याला बंद ठेवून टँकर किंवा दुसरा स्रोत घ्या. टँकरच्या पाण्यालाही हाच नियम: भरताना निवळी, पोचल्यावर १ नंबरची गोळी.

मैलापाणी_संभाजीनगर

शहरांतल्या मैलापाणी प्रकल्पांतही हेच घडतं. हवा देऊन चालणाऱ्या टाक्यांत विषाणू साधारण ९० ते ९९ टक्के कमी होतात, तेही बरेचसे मरून नव्हे, गाळाला चिकटून. मैल्यात मुळात ते लिटरमागे हजारो ते लाखोंच्या संख्येने असू शकतात, त्यामुळे उरलेला एक टक्काही पुष्कळ. शेवटी क्लोरीन देतात, पण प्रक्रिया केलेल्या पाण्यात अमोनिया २० मिलिग्रॅम राहिला असेल तर मुक्त क्लोरीन दिसायला १५० ते २०० मिलिग्रॅम घालावं लागेल. इतकं कोणी घालत नाही. आधी अमोनियाचं नायट्रेट होऊ देणं आणि पाणी नितळ करणं, मगच क्लोरीनला अर्थ आहे.

तुमच्या गावासाठी नाली विहिरीच्या खालच्या अंगाला वळवा. शक्य असेल तर एका मोठ्या खड्ड्याऐवजी एकामागून एक तीन उथळ तळी करा, खोली १ ते १.५ मीटर. उन्हातली अतिनील किरणं विषाणूच्या जनुकद्रव्यावर घाव घालतात, आणि शेवाळ्यामुळे दुपारी वाढणारा सामू त्यात भर घालतो. एकच तळं असेल तर इनलेटकडून आउटलेटकडे एक प्रवाह तयार होतो आणि पाणी त्याच दिवशी बाहेर पडतं. जलपर्णी साचू देऊ नका, ऊन आत जात नाही. ज्या नांदेड पॅटर्नच्या शोषखड्ड्यांमुळे नाल्या बंद झाल्या ते अंघोळ-धुण्याच्या पाण्यासाठी चांगले आहेत, संडासाचं पाणी त्यांत सोडू नका.

नालीच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक घेत असतील तर निदान ठिबक लावा आणि काढणीआधी शक्य तितके दिवस ते पाणी बंद ठेवा. उन्हाने आणि वाळण्याने पानावरचे रोगजंतू दिवसाला साधारण ७० ते ९९ टक्के घटतात. तळ्याचा गाळ ओला शेतात टाकू नये. चुना मिसळून सामू १२ वर नेऊन किमान दोन तास ठेवा, मग उन्हात कडक वाळवा.

शुद्धजल_बीड

एवढ्या खटाटोपापेक्षा घरोघर आरओ बसवले तर?

रसायन_नांदेड

आरओच्या पडद्यातून विषाणू जात नाही, पण कडेचं रबरी सील ढिलं झालं की कच्चं पाणी बाजूने शुद्ध पाण्यात मिसळतं आणि चवीवरून ते कळत नाही. अल्ट्राफिल्टरची छिद्रं ०.०१ मायक्रॉनची असतील तर तोही अडवतो. मेणबत्तीच्या आकाराच्या चिनी मातीच्या कँडलची छिद्रं ०.२ मायक्रॉनच्या वर असतात. हिपॅटायटिसचा विषाणू ०.०३ मायक्रॉनचा, तो सरळ पार होतो. यूव्हीमध्ये ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मात्रा हिपॅटायटिस ए, पोलिओसारख्यांना पुरते, अॅडिनो या चिवट विषाणूला नाही, ९९.९९ टक्क्यांसाठी अमेरिकी तक्ता १८६ धरतो, तो अॅडिनोवरूनच. आपल्याकडच्या कठीण पाण्याने यूव्हीच्या काचेच्या नळीवर क्षारांचा थर बसतो, दिवा निळा दिसत राहतो आणि मात्रा मात्र घटते. नळी दर दोन-तीन महिन्यांनी सौम्य आम्लाने पुसावी लागते.

घरात खात्रीचा उपाय उकळणं. मोठे बुडबुडे सुरू झाल्यावर एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करणं. इंधन नसेल तर २० लिटरला ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे १६ थेंब (२० थेंबांचा १ मिलिलिटर धरून), ढवळून अर्धा तास. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. तुरटी गाळासोबत बरेच विषाणू तळाशी नेते, मारत नाही. तळाचं पाणी गुरांनाही देऊ नका.

काळा_खडक

पाइपलाइन राहिली. तीन-चार दिवसांआड पाणी सुटतं तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि नालीतून गेलेल्या प्रत्येक सांध्यातून बाहेरचं पाणी आत येतं. नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. टाकीवर १ मिलिग्रॅम असून शेवटच्या घरात शून्य असेल, तर गळती त्या दोन ठिकाणांमध्ये आहे. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं नळ वाहू द्या, मग डीपीडी करा, आणि टाकी, मधलं घर, शेवटचं घर अशी तीन ठिकाणं दर पाळीला वहीत नोंदवा. मधेच आकडा कुठे पडतो ते दोन-तीन पाळ्यांत दिसेल. तिथला व्हॉल्व्ह चेंबर आधी उघडा, तो बहुधा नालीच्या पाण्याने भरलेला असतो. दुरुस्तीनंतर त्या तुकड्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं द्रावण चोवीस तास भरून ठेवा, मग ते पूर्ण सोडून द्या आणि १ नंबरची गोळी ०.५ दाखवेपर्यंत पाणी पिण्याला देऊ नका.